फेस कोणाचा? पिंप, केग आणि चुकीच्या जागी लढली गेलेली एक लढाई

१/
इंग्लंडच्या बिअरची एक कथा इतिहासाच्या लोकप्रिय पानांवर वारंवार सांगितली जाते. पूर्वी लाकडी पिंपात ‘जिवंत’ बिअर होती; मग धातूच्या केगमधून ‘मृत’ बिअर आली; १९७१ मध्ये चार तरुणांनी बंड पुकारले आणि जिवंत बिअर वाचली. कथा सुटसुटीत आहे, नायक आणि खलनायक ठरलेले आहेत. मात्र तिच्यातला मुख्य आरोप चुकीच्या आरोपीवर ठेवलेला आहे.

२/
या कथेत खलनायक ठरते ते भांडे. भांडे तर मुके असते. आतला कर्बवायू यीस्टने निर्माण केला की बाहेरून सिलिंडरने भरला, हा खरा भेद आहे. त्याच्याही मागे एक मोठा प्रश्न उभा आहे: बिअर पूर्णत्वाला नेण्याचे ज्ञान आणि ते वापरण्याची परवानगी कोणाच्या हाती राहिली? वाद या प्रश्नांवर व्हायला हवा होता. तो झाला लाकूड आणि धातू यांवर.

३/
आधी प्रक्रिया पाहू. यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. वजनाने दोन्हींचा वाटा जवळजवळ निम्मा-निम्मा. भांडे उघडे असेल तर वायू निघून जातो. तेच भांडे बंद केले, तर वायू द्रवात विरघळू लागतो. बिअर थंड असेल तर तो अधिक विरघळतो. नैसर्गिक फेसाचे सारे शास्त्र एवढेच आहे आणि त्याला कोणत्याही यंत्राची गरज नाही.

४/
आता प्रमाण. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू विरघळलेला असेल तर त्याला एक ‘व्हॉल्यूम’ म्हणतात. २० अंश सेल्सिअसला आंबून झालेल्या बिअरमध्ये मुळातच सुमारे ०.८५ व्हॉल्यूम वायू उरतो. इंग्लिश पिंपातील बिअरला एकाहून थोडा अधिक पुरतो. केगमधील बिअरला साधारण अडीच लागतो. १९ लिटर बिअर १.२ वर न्यायची तर सुमारे २५ ग्रॅम साखर पुरते, २.४ वर न्यायला सुमारे ११० ग्रॅम. बाकीचे काम यीस्ट करते.

५/
बाहेरून वायू भरण्याची कल्पना जन्मली तीही बिअरच्याच काठावर. १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली इंग्लंडमधील लीड्स येथे एका ब्रुअरीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या हौदांवर वायूचा जड थर साचतो, हे त्याने पाहिले. त्या थरात त्याने पाणी धरले आणि पाण्याला आंबूस, चुरचुरीत चव आली. १७७२ मध्ये त्याने पाण्यात हा वायू मिसळण्याची कृती प्रसिद्ध केली. तीत वायू खडू आणि गंधकाम्ल यांपासून मिळवायचा होता. यीस्टचा वायू येथे प्रथम यीस्टपासून वेगळा झाला.

६/
१७८३ मध्ये याकोब श्वेपे याने जिनिव्हात कृत्रिम सोडावॉटरचा धंदा उभा केला आणि पुढे तो लंडनला आणला. सोडा हे बिअरच्या हौदाचे अपत्य आहे, ही बाब सहसा विसरली जाते. ती लक्षात ठेवावी. दोनशे वर्षांनी हे अपत्य घरी परतणार आहे.

७/
बिअर मात्र जुन्याच वाटेने चालत राहिली. ब्रुअरीतून निघणारे पिंप मुद्दाम अपूर्ण असे. आत जिवंत यीस्ट आणि थोडी साखर शिल्लक असे, आणि शेवटचे मुरणे पबच्या तळघरात होई. सुमारे १२ अंशांचे थंड तळघर, आडवे ठेवलेले पिंप, वरच्या बुचाच्या भोकात प्रथम सच्छिद्र लाकडाची खुंटी, जिच्यातून जादा वायू निघून जाई. मग घट्ट खुंटी, जी उरलेला वायू कोंडून धरी. खुंटी कधी बदलायची हे पबवाल्याची नजर आणि जीभ ठरवीत असे.

८/
बिअर निवळण्यासाठी पिंपात माशाच्या वाताशयापासून केलेला आयझिंग्लास घालत. तो यीस्टचे कण ओढून तळाशी बसवतो. उत्तम माल रशियातील स्टर्जन माशाचा मानला जाई. १८४२ मध्ये जॉन फोर्ब्स रॉयल याने हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरील आयझिंग्लासवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. कोकण किनाऱ्यावर या वाताशयाला भोत म्हणतात आणि घोळ माशाचा भोत आजही मोठ्या किमतीला जातो. लंडनच्या तळघरातील कौशल्याचा एक धागा असा मासेमारांच्या जाळ्यापर्यंत पोहोचतो.

९/
मुंबईशी दुसरा धागा खुद्द पिंपाचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ५४ गॅलनची पिंपे आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्यास पोहोचत. ‘हिंदुस्थानापर्यंत टिकावी म्हणून इंडिया पेल एल शोधली’ ही दंतकथा आहे. काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून येत असे आणि गोरे शिपाई ती आवडीने पीत. प्रवासात पिंपातले किण्वन चालूच राही. सिलिंडर कोठेच नव्हता, आणि बिअर फेसाळत उतरे.

१०/
हे संथ किण्वन कोण करीत होते, याचा एक महत्त्वाचा उलगडा १९०४ मध्ये झाला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतील नील्स येल्टे क्लॉसन याने इंग्लिश मुरवलेल्या बिअरमधून एक वेगळे यीस्ट अलग केले आणि त्याला ‘ब्रेटानोमायसिस’ म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’ असे नाव दिले. पिंप हे केवळ साठवणीचे साधन नव्हते, तेथे एक कामगार अखंड राबत होता, याचा हा प्रयोगशाळेतील पुरावा.

११/
येथे प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पिंपाचा दोष खरा होता. तोटीतून बिअर निघते तसतशी तिच्या जागी खोलीतील हवा आत शिरते. त्या हवेतील ऑक्सिजन चव उतरवतो आणि आम्ल करणारे जिवाणू फोफावतात. उघडलेले पिंप तीन-चार दिवसांत संपले नाही तर बिअर आंबट होते. निष्काळजी पबमध्ये लोक गढूळ, शिळी बिअर पीत होते. ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांनी हा पेला आधी डोळ्यांसमोर आणावा.

१२/
या दोषावर १९३० च्या दशकात वॉटनी कंपनीने उपाय काढला: रेड बॅरल. बिअर गाळायची, पाश्चरीकरणाने यीस्ट मारायचे, धातूच्या बंद भांड्यात भरायची आणि सिलिंडरच्या वायूने फेस आणून त्याच दाबाने वर ढकलायची. हवा आत शिरत नसल्याने बिअर आठवडेच्या आठवडे एकसारखी राही. दूरच्या क्लबांसाठी आणि निर्यातीसाठी हा उपाय समंजस होता.

१३/
दुसऱ्या महायुद्धानंतर उपायाचे धोरण झाले. १९५० आणि १९६० च्या दशकांत विलीनीकरणांची लाट आली आणि ब्रिटनचा बिअर व्यवसाय मुख्यत्वे सहा बड्या कंपन्यांच्या हाती गेला. हजारो पब या कंपन्यांच्या मालकीचे होते आणि मालकाचीच बिअर विकण्यास बांधलेले होते. गिऱ्हाइकाला निवडीची सोय उरली नव्हती. ‘लोकांनी केगला पसंती दिली’ हे विधान या पार्श्वभूमीवर तपासावे लागते.

१४/
केगची खरी सोय पिणाऱ्यापेक्षा मालकाला होती. एकच बिअर देशभर विकता येई, तिची दूरचित्रवाणीवर जाहिरात करता येई आणि तळघरात जाणता माणूस ठेवावा लागत नसे. खुंटी कधी बदलायची हे जाणणाऱ्या नजरेची जागा एका झडपेने घेतली. याला प्रगती म्हणायचे असेल तर म्हणावे. पण ज्ञान तळघरातून कारखान्यात हलले, ही नोंद त्या प्रगतीच्या शेजारी लिहिली पाहिजे.

१५/
विरोधाचा पहिला संघटित सूर १९७१ चा नाही. डिसेंबर १९६३ मध्ये ‘सोसायटी फॉर द प्रिझर्वेशन ऑफ बिअर्स फ्रॉम द वुड’ स्थापन झाली. नावातच आग्रह होता: बिअर लाकडातूनच हवी. परंतु धातूच्या पिंपातही यीस्ट तितक्याच निष्ठेने काम करते. जिवंत बिअरच्या बाजूने लढणारी पहिली संघटना पहिल्याच पावलाला भांड्यात अडकली.

१६/
त्याच १९६३ सालची दुसरी घटना लोकप्रिय कथांत क्वचितच येते. तिचे मूळ १८८० मध्ये आहे. त्या वर्षी ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर रद्द करून बिअरवर कर बसवला, आणि घरी बिअर बनवणाऱ्यालाही परवाना सक्तीचा झाला. शेतघरांत आणि स्वयंपाकघरांत शतकानुशतके चालत आलेले काम सरकारी नोंदवहीत गेले. एप्रिल १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ही अट काढून टाकली. विक्री न करता स्वतःपुरती बिअर बनवण्यास परवान्याची गरज उरली नाही.

१७/
याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. कंपन्या पबमधून जिवंत पिंपे हटवत असतानाच मुरवण्याची क्रिया सामान्य घरात कायदेशीररीत्या परत आली. त्याच वर्षी सी. जे. जे. बेरी यांचे घरगुती बिअरवरचे पुस्तक निघाले. पुढे बूट्ससारख्या औषधविक्रेत्या दुकानसाखळीत बिअरची संच-पेटी मिळू लागली. चमचाभर साखर घालून बूच लावण्याची विद्या हजारो स्वयंपाकघरांत शिकली गेली. तिची स्मारके नाहीत, कारण तिला नायक नव्हते.

१८/
आता १९७१. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, केरी परगण्यातील डनक्विन येथील क्रूगर्स बारमध्ये मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर यांनी ‘कॅम्रा’ ही मोहीम सुरू केली. १९७३ मध्ये तिच्या नावात ‘रिअल एल’ आले. १९७४ च्या मार्गदर्शिकेत वॉटनीवरचा शेरा इतका जहाल होता की छपाई सुरू असताना तो सौम्य करावा लागला. या चौघांचे श्रेय निर्विवाद आहे. त्यांच्या चळवळीवाचून ब्रिटिश पबमध्ये हातपंप शोधावा लागला असता.

१९/
पण विजयी चळवळीची व्याख्याही तपासली पाहिजे. कॅम्राच्या मते खरी एल तीच, जी ज्या भांड्यातून वाढली जाते त्याच भांड्यात दुसऱ्यांदा आंबते आणि जिला बाहेरचा कर्बवायू लागत नाही. पहिली अट अचूक आहे. दुसरीत घोटाळा आहे. वायू बिअरमध्ये *विरघळवणे* आणि वायूने बिअर *ढकलणे* किंवा तिची रिकामी झालेली जागा *भरणे* ही वेगवेगळी कामे आहेत. व्याख्येने ती एकाच दाव्यात उभी केली.

२०/
या घोटाळ्याची किंमत पबवाल्यांनी मोजली. ‘कास्क ब्रीदर’ नावाची साधी झडप पिंपातून बिअर निघताच तिच्या जागी हवेऐवजी अत्यल्प दाबाचा कर्बवायू सोडते. फेसात फरक पडत नाही. बिअर मात्र आंबट होण्यापासून वाचते. कमी खपाच्या गावातील पबला हा मोठाच आधार. कॅम्राने त्याला दशकानुदशके विरोध केला आणि २०१८ मध्ये कोठे तटस्थता स्वीकारली. शुद्धतेच्या आग्रहाने जिवंत बिअरचे रक्षण किती केले आणि ती किती ठिकाणी आंबवली, हा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही.

२१/
‘बंद धातूचे भांडे म्हणजे मृत बिअर’ हे समीकरण जर्मनीत तर टिकतच नाही. तेथे ‘श्पुंडन’ ही जुनी पद्धत आहे. श्पुंड म्हणजे बूच. किण्वन संपत आले असता टाकी बंद करायची आणि यीस्टचा शेवटचा वायू आतच कोंडायचा. भांडे धातूचे, दाब पुरेपूर, फेस भरघोस, आणि तरी वायू संपूर्णपणे बिअरचा स्वतःचा. इंग्लिश वादाने ही शक्यता जणू पाहिलीच नाही.

२२/
अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली, पण घरगुती बिअरला केंद्रीय कायद्यात जागा मिळाली नाही. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ती मिळाली: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या घराला २००. पुढे शीतपेयांचे सरबत पोलादी ‘कॉर्नेलियस’ केगऐवजी खोक्यातल्या पिशव्यांतून येऊ लागले आणि ते १९ लिटरचे केग भंगाराच्या भावाने मिळू लागले. घरी बिअर बनवणाऱ्यांनी ते उचलले.

२३/
लीड्सच्या हौदावरून निघालेले वर्तुळ येथे पूर्ण झाले. बिअरच्या वायूतून सोडा जन्मला; सोड्याच्या उद्योगाने टाकून दिलेले भांडे बिअरकडे परत आले. आणि त्या भांड्यात अनेकांनी सिलिंडरचा वायू न भरता जुनेच केले: आंबून झालेली बिअर, मोजलेली साखर, घट्ट झाकण, खोलीच्या उबेत दोन-एक आठवडे, मग थंडावा. पहिल्या पेल्यात तळाचा साका येतो, तो ओतून द्यायचा. दाब वाढलाच तर सुटण्याची झडप असते. काचेच्या बाटलीसारखा स्फोटाचा धाक नाही.

२४/
वाढताना मात्र सिलिंडर लागतोच, असा टोमणा येथे मारला जातो. बरोबर आहे, झाकण घट्ट बसवायला आणि बिअर वर ढकलायला थोडा वायू लागतो. तो फेस निर्माण करीत नाही. १९व्या मुद्द्यातला भेद येथे प्रत्यक्षात दिसतो. हा केग कॅम्राच्या पहिल्या अटीला पूर्ण उतरतो आणि दुसरीत नापास होतो. अशा वेळी दोष केगमध्ये शोधावा की अटीत?

२५/
भाबड्या समर्थकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘यीस्टच्या वायूचे बुडबुडे अधिक नाजूक असतात’ हा दावा भावनेचा आहे. एकदा विरघळला की कार्बन डायऑक्साइडचा रेणू आपले कुळ सांगत नाही. खरा लाभ वेगळा आहे: बंद भांड्यात पुन्हा आंबताना यीस्ट उरलासुरला ऑक्सिजन शोषून घेते आणि चव अधिक काळ टिकते. खोट्या कारणाने खरी बाजू लढवली की ती पहिल्याच प्रश्नाला कोसळते.

२६/
आणि दुसरा लाभ २०१८ च्या उन्हाळ्यात उघडा पडला. युरोपातील अमोनियाचे अनेक कारखाने देखभालीसाठी एकाच वेळी बंद होते. बाजारातला बराचसा कर्बवायू या खतकारखान्यांचे उपउत्पादन असल्याने ब्रिटनमध्ये बिअरचा तुटवडा पडला. सप्टेंबर २०२१ मध्ये इंधनवायूचे भाव भडकल्याने दोन खतकारखाने थांबले. देशाच्या व्यापारी कर्बवायूपैकी सुमारे ६० टक्के त्यांच्याकडून येत होता. सरकारला पैसे देऊन उत्पादन पुन्हा सुरू करवावे लागले.

२७/
विसंगती पाहा. काही मोठ्या ब्रुअऱ्या किण्वनाचा वायू पकडून ठेवतात. असंख्य लहान ब्रुअऱ्यांत मात्र यीस्ट दिवसरात्र शुद्ध कर्बवायू सोडते, तो छतातून निघून जातो, आणि दारात खतकारखान्याच्या वायूचे सिलिंडर उतरतात. शंभर वर्षांपूर्वीच्या तळघरातील माणसाला हे व्यवहाराचे शहाणपण वाटले नसते. त्या दोन संकटांत साखर घालून झाकण लावणाऱ्याच्या फेसावर मात्र तिळमात्र परिणाम होण्याचे कारण नव्हते.

२८/
महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याविना मद्य बनवू देत नाही. येथील वाचकासाठी ही कृती नसून इतिहास आहे. पण १८८० चा इंग्लिश परवाना, १९७८ पर्यंतची अमेरिकी मनाई आणि १९४९ चा हा कायदा एकत्र ठेवले की एक गोष्ट दिसते: घरातल्या झाकलेल्या भांड्यावर राज्यसंस्थेचे लक्ष नेहमीच राहिले आहे. कधी कराच्या नावाने, कधी नीतीच्या. भांड्याचे लाकूड-धातू पाहत बसणाऱ्या इतिहासातून हा मुद्दा पार निसटतो.

२९/
म्हणून ‘चौघांनी बिअर वाचवली’ या वाक्यात दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत. चौघांनी पबमधले पिंप वाचवले. हे मोठेच काम. बिअर स्वतःचा फेस स्वतः करू शकते, हे ज्ञान मात्र पबच्या जाणत्या तळघरवाल्यांबरोबरच १९६३ नंतरच्या अनाम स्वयंपाकघरांनी आणि १९७८ नंतर भंगारातला केग धुऊन घेणाऱ्यांनीही जपले. त्यातल्या कित्येकांच्या भांड्याला कॅम्राच्या व्याख्येत जागा नव्हती. त्यांच्या बिअरमध्ये यीस्ट जिवंत होते, आणि कर्बवायू तेच निर्माण करीत होते.